जरठ मांजराच्या दातांची शस्त्रक्रिया करावी काय?

मांजर पंधरा वर्षांचे झालेले असते, मूत्रपिंडाचा विकार वर्ष-दोन वर्षांपासून जडलेला असतो, पथ्याचे अन्न आणि अधूनमधून कातडीखाली दिलेले सलाईन यांच्या आधारावर त्याचे दिवस बरे चाललेले असतात. आणि अशा वेळी तोंडाला दुर्गंधी येऊ लागली म्हणून ज्या पशुवैद्यांकडे त्याला नेले जाते ते तोंड उघडून पाहतात व सांगतात की, काही दात काढावे लागतील आणि त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल. घरी परतताना बहुतेक कुटुंबांत जो प्रश्न निघतो तो एकच असतो: ‘या वयात, या प्रकृतीत, तिला भूल सोसेल का?’

१. प्रश्नाचा विचारला न जाणारा भाग

हा प्रश्न मायेपोटी विचारला जातो आणि त्यामागची भीतीही निराधार नसते. परंतु त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न विचारल्याखेरीज निकाल देता येत नाही, तो असा की, शस्त्रक्रिया न केल्यास हे मांजर रोज काय सोसत राहणार आहे. भुलेखाली प्राणी दगावला तर त्या घटनेला तारीख असते, आपण सही केलेले संमतिपत्र दवाखान्याच्या दप्तरी असते, आणि त्या सहीचा सल मनात वर्षानुवर्षे राहतो; उलट दुखऱ्या दातांसह काढलेल्या आठ-दहा महिन्यांची नोंद कोठेही होत नाही आणि त्याबद्दल कोणी जाब विचारीत नाही. माझ्या मते केवळ या कारणाने असंख्य घरांत निकाल विचार सुरू होण्यापूर्वीच ‘नको’कडे झुकलेला असतो. तो झुकाव बाजूला सारून तोंडाची अवस्था, शरीराची अवस्था आणि उपलब्ध दवाखान्याची कुवत या गोष्टी क्रमाने पाहिल्या पाहिजेत.

२. तोंडात नेमके काय बिघडते

प्रौढ मांजराला ३० दात असतात. माणसाच्या दाताला लागते तशी कीड मांजराच्या दाताला लागत नाही. त्याचे तोंड बिघडते ते अन्य मार्गांनी, आणि त्या सर्वांत शस्त्रक्रियेची निकड सारखी नसते.

पहिला मार्ग हिरड्यांचा. दातांवर जंतूंचा मऊ थर साचतो, लाळेतील क्षारांमुळे तो कठीण होऊन त्याचे तपकिरी कीटण बनते, हिरडी सुजते, आणि पुढे दाताला जबड्यात धरून ठेवणारे तंतू व हाड झिजून दात हलू लागतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे: वरून दिसणारे कीटण कितीही ओंगळ दिसले तरी तेवढ्यावरून रोगाची तीव्रता ठरत नाही, कारण खरा बिघाड हिरडीच्या रेषेखाली असतो. नुसते कीटण आणि हिरडीवर किंचित लाली असलेल्या, परंतु व्यवस्थित खाणाऱ्या अतिशय आजारी मांजराला भुलेच्या जोखमीत घालण्याचे कारण बहुधा नसते.

दुसरा विकार विशेषतः मांजरांचा आहे आणि फार क्लेशदायक आहे. त्याला दंतशोषण म्हणता येईल. दुधाच्या दातांची मुळे विरघळवून ते पाडण्याचे काम ज्या पेशी करतात, त्याच जातीच्या पेशी प्रौढपणी पक्क्या दातांवर चालून जातात आणि दात मुळापासून विरघळू लागतो. असे का घडते याचा उलगडा शास्त्राला अद्याप पुरता झालेला नाही. खालच्या जबड्यातील सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढेवर हा विकार सर्वाधिक आढळतो. हिरडीच्या काठाशी लहानसा खळगा पडतो, त्यावर हिरडीचा लालसर मांसल पापुद्रा चढतो, आणि आतील मज्जा उघडी पडलेली असल्याने त्या जागी सळईचे टोक लागताच, कधी कधी हलक्या भुलेखालीसुद्धा, मांजराचा जबडा थडथडतो. असा दात भरून वाचत नाही. तो काढावा लागतो. किंवा त्याचे मूळ हाडात पूर्णपणे मिसळून गेले असेल तर वरचा भाग कापून हिरडी शिवून टाकली तरी भागते. दोहोंपैकी काय करावे हे क्ष-किरण चित्राखेरीज कळत नाही.

तिसरा प्रकार तोंडाच्या मागच्या भागातील तीव्र दाहाचा. दातांवरील जंतूंच्या थराविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती बेफाम होते, घशाकडील त्वचा लालभडक होऊन रक्त येते, आणि मांजर भुकेने अन्नाकडे धावते व पहिला घास घेताच किंचाळून मागे सरते. यावर सर्व दाढा व उपदाढा काढून टाकणे हा आजही सर्वांत भरवशाचा उपाय आहे; बहुतांश मांजरांना त्याने मोठा आराम पडतो, काहींना पुढेही औषधे चालू ठेवावी लागतात.

आणखी दोन शक्यता ध्यानात ठेवाव्यात, कारण त्या निर्णयच बदलून टाकतात. मूत्रपिंडाचा विकार फार पुढे गेला म्हणजे रक्तात साचलेल्या मलद्रव्यांमुळेच तोंडात व्रण पडतात आणि श्वासाला उग्र वास येतो. हे दुखणे दात काढून बरे होत नाही. दुसरी शक्यता कर्करोगाची. जबड्याच्या एकाच बाजूस सूज असेल किंवा बाकीचे तोंड बरे असताना एकच दात एकाएकी हलू लागला असेल, तर दात काढण्यापूर्वी त्या जागेचा तुकडा तपासणीसाठी पाठविण्याचा आग्रह धरावा.

३. खाते आहे, म्हणजे दुखत नाही काय?

‘ती तर नीट खाते हो’ ही कैफियत पशुवैद्यांना रोज ऐकावी लागते. मांजर हा शिकार करणारा, तसाच स्वतः शिकार होणारा लहान प्राणी असल्याने दुर्बलता लपविण्याची प्रवृत्ती त्याच्या रक्तातच आहे, आणि भूक ही वेदनेहून बलवत्तर असल्याने तीव्र दंतशूळ असतानाही ते खात राहते. म्हणून ते खाते की नाही एवढेच न पाहता ते कसे खाते हे पाहावे. मान एका बाजूस कलवून चावणे, तोंडातला दाणा खाली पडणे, कोरडे खाद्य सोडून केवळ रस्सा चाटणे, न चावता गिळणे, पंजाने गाल घासणे, लाळेत रक्ताची तार दिसणे, अंग चाटून स्वच्छ ठेवण्याचे सोडून दिल्याने पाठीवरचे केस गुंतणे, आणि ज्या गालावर हात फिरवला की पूर्वी सुखाने डोळे मिटत असत तोच गाल आता मागे घेणे, ही सारी वेदनेची लक्षणे होत. यांतील पुष्कळशी आपण ‘वय झाले’ या सदरात टाकून मोकळे होतो. दात काढल्यानंतर काही आठवड्यांत मांजर पुन्हा अंग चाटू लागले आणि खिडकीवर चढू लागले, असा अनुभव अनेक कुटुंबे सांगतात, आणि तेव्हा कोठे वयाच्या खात्यावर मांडलेले ते सर्व दातांचे होते हे उमगते.

४. मूत्रपिंड भुलेला का भिते

जुनाट व्याधी असलेल्या वृद्ध मांजरांत मूत्रपिंडाचा विकार सर्वांत अधिक आढळत असल्याने त्याचा विचार सविस्तर केला पाहिजे. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या अतिसूक्ष्म घटकांची संख्या मोठी असते आणि निसर्गाने त्यांत भरपूर शिल्लक ठेवलेली असते. इतकी की, रक्तातील क्रिएटिनिन हा मलद्रव्याचा आकडा नेहमीच्या मर्यादेबाहेर जाईपर्यंत सुमारे तीन चतुर्थांश कार्यशक्ती नाहीशी झालेली असते. त्याच्या आधी वाढणारे एसडीएमए नावाचे दुसरे द्रव्य आता अनेक प्रयोगशाळांत मोजले जाते.

भुलेचा धोका येतो तो मुख्यतः रक्तदाबाच्या वाटेने. भुलेच्या वायूने रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो. चाळीच्या टाकीतील पाणी कमी होऊन दाब उतरला म्हणजे तळमजल्याचे नळ चालू राहतात आणि वरच्या मजल्याचा नळ सर्वांत आधी कोरडा पडतो, तशी काहीशी गत अशा वेळी मूत्रपिंडाची होते. निरोगी मूत्रपिंड आपल्या रक्तवाहिन्यांचा ताण बदलून दाबातील चढउतार काही मर्यादेपर्यंत सावरून घेते. रोगी मूत्रपिंडात ही सावरण्याची शक्ती उणी झालेली असते, आणि दाब बराच काळ उतरलेला राहिला तर उरलेल्या घटकांपैकी काही कायमचे निकामी होतात. यावरून दोन गोष्टी उघड होतात: भूल देण्यापूर्वी शरीरात पाण्याची तूट नसावी, आणि भूल चालू असताना रक्तदाब सतत मोजला जावा. सरासरी रक्तदाब ६० च्या खाली जाऊ न देणे हा त्यातील ढोबळ दंडक आहे.

म्हणून सलाईन हवे. परंतु तेही बेतानेच. चार किलो वजनाच्या मांजराच्या अंगात एकंदर रक्त पाव लिटरहून कमी असते. भुलेखाली मांजराला साधारणतः ताशी दर किलोमागे ३ मिलिलिटर या वेगाने सलाईन देण्यास प्रारंभ करतात. म्हणजे आपल्या चार किलोच्या मांजराला तासाला फक्त १२ मिलिलिटर. मूत्रपिंडाच्या काळजीपोटी याहून पुष्कळ अधिक द्रव ओतला आणि हृदयात पूर्वीचा एखादा लपलेला दोष असला, तर फुप्फुसात पाणी साचून प्राण संकटात येतो.

विकार कितपत पुढे गेला आहे हे ठरविण्यासाठी इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी या तज्ज्ञमंडळाने चार टप्पे आखून दिलेले आहेत. मांजराच्या बाबतीत क्रिएटिनिन १.६ ते २.८ असल्यास दुसरा टप्पा, २.९ ते ५.० असल्यास तिसरा आणि त्यापुढे चौथा. जोडीला रक्तदाब व लघवीतून जाणारी प्रथिने पाहतात. हे आकडे मांजराला पुरेसे पाणी मिळालेले असताना, आणि एकाहून अधिक वेळा घेतलेले असावेत. तोंड दुखत असल्यामुळे जे मांजर पाणी व ओले अन्न टाळते त्याचे क्रिएटिनिन पाण्याच्या तुटीमुळेच फुगलेले असू शकते, आणि मग ज्या दातांमुळे आकडा बिघडला त्याच आकड्याचे कारण दाखवून दातांचा इलाज नाकारला जातो. याच्या उलटही घडते: क्रिएटिनिन स्नायूंपासून उत्पन्न होत असल्याने हाडे निघालेल्या कृश मांजराचा आकडा वास्तवाहून बरा दिसतो. केवळ कागदावरच्या एका आकड्यावर भिस्त ठेवून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा सल्ला मला अपुरा वाटतो.

५. इतर व्याधी

वृद्ध मांजराच्या थायरॉइड ग्रंथीचा स्राव वाढलेला असेल तर हृदय अतिवेगाने धावत असते. तो आधी औषधाने काबूत आणावा आणि त्यानंतर मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा करावी, कारण वाढलेल्या स्रावामुळे मूत्रपिंडातून रक्त जोराने वाहते व तेथील विकार झाकला जातो. हृदयाच्या स्नायूची जाडी वाढण्याचा रोग मांजरांत विशेष आढळतो आणि त्यात हृदयाच्या ठोक्यांत वेगळा ध्वनी ऐकू येईलच असे नाही. शंका असल्यास टू-डी इको करून घ्यावा. मधुमेही मांजराची गोष्ट तर शस्त्रक्रियेच्या बाजूने साक्ष देणारी आहे: तोंडातील जुनाट दाहामुळे इन्शुलिनचा परिणाम मंदावतो, आणि तो दाह दूर झाल्यावर साखर आटोक्यात येणे पुष्कळदा सोपे होते.

६. जोखीम किती?

ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या भुलेविषयी एक मोठी पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भूल दिलेल्या निरोगी मांजरांपैकी ०.११ टक्के, आणि आजारी मांजरांपैकी १.४० टक्के दगावली. सोप्या हिशेबाने सांगायचे तर दर हजार निरोगी मांजरांमागे एक, आणि दर हजार आजारी मांजरांमागे चौदा. हजारांत चौदा ही संख्या क्षुल्लक म्हणता येणार नाही. मात्र त्या आजारी गटात अपघाताने छिन्नविच्छिन्न झालेली आणि मरणोन्मुख अवस्थेत घाईने टेबलावर घेतलेली मांजरेही होती, तेव्हा सर्व तयारीनिशी, ठरविलेल्या दिवशी, स्थिर प्रकृतीत ज्याची शस्त्रक्रिया होते त्याला तो आकडा जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे. वय वाढल्याने जोखीम वाढते हेही त्या पाहणीत दिसले.

त्याच पाहणीतील दोन गोष्टी मला अधिक मोलाच्या वाटतात, कारण त्या माणसाच्या हातातील आहेत. नाडी आणि रक्तातील प्राणवायू यांवर यंत्राने लक्ष ठेवले गेले तेथे मृत्यू कमी झाले. आणि जी मांजरे दगावली त्यांतील अर्ध्याहून अधिक शस्त्रक्रिया चालू असताना दगावली नसून ती संपल्यानंतर, त्यातही मुख्यतः पहिल्या तीन तासांत, दगावली. म्हणून ‘भूल कोण देणार’ या प्रश्नाइतकाच ‘ती शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोण बसणार’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

७. डॉक्टरांना काय विचारावे

मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली स्थापन झाले तेव्हा पशुवैद्यकापुढे मुख्यतः ओझी वाहणाऱ्या जनावरांची चिंता होती. मांजराच्या दातांची स्वतंत्र शास्त्रशाखा ही फार अलीकडची गोष्ट, आणि तिची साधने आजही सर्व दवाखान्यांत नसतात. तेव्हा विचारण्यात संकोच नसावा, आणि चांगल्या डॉक्टरांना अशा विचारण्याचा रागही येत नाही. भुलेच्या वेळी रक्तदाब मोजला जाईल काय. श्वासनलिकेत नळी घातली जाईल काय. अंग थंड पडू नये म्हणून काय तजवीज आहे. दातांचे क्ष-किरण चित्र निघेल काय. जबड्याला स्थानिक भूल दिली जाईल काय, कारण तिच्यामुळे वायूची मात्रा कमी लागते व रक्तदाब कमी उतरतो. आणि काम लांबणार असेल तर ते दोन बैठकींत विभागता येईल काय. आणखी एक बारकावा आहे. तोंड उघडे ठेवण्यासाठी स्प्रिंगचा ताणकाटा वापरला तर मांजराच्या जबड्यामागची रक्तवाहिनी दबते आणि मेंदू व डोळे यांचा रक्तपुरवठा तुटून मांजर आंधळे होऊ शकते. म्हणून तो वापरू नये, हे आज सर्वमान्य आहे.

भुलेशिवाय दात साफ करून देण्याचे प्रलोभन कोणी दाखविल्यास ते नाकारावे. त्यात केवळ वरचे कीटण खरवडले जाते, हिरडीखालचा रोग तसाच राहतो, आणि जागे मांजर जबरदस्तीने दाबून धरण्याचे क्लेश वेगळेच. तसेच दर दोन महिन्यांनी प्रतिजैविकांचा एक क्रम देऊन दुर्गंधी दडविण्याची जी पद्धत पडली आहे ती मला अत्यंत खेदजनक वाटते: वास जातो, घरच्यांना हायसे वाटते, आणि विरघळणारा दात विरघळतच राहतो.

८. तीन मांजरे

हे सर्व कसे जुळवावे ते कल्पित उदाहरणांनी पाहू. समजा, मनी १४ वर्षांची आहे. क्रिएटिनिन तीन महिन्यांच्या अंतराने २.२ आणि २.३, रक्तदाब १४५, वजन स्थिर, खालच्या दोन्ही उपदाढांना दंतशोषण आणि दाणे तोंडातून पडत आहेत. येथे मी निःसंकोच शस्त्रक्रियेच्या बाजूने मत देईन. तिची व्याधी मंदगतीची आहे, पुढे वर्षे उरलेली असण्याचा संभव आहे, आणि काम थोडक्या वेळात आटोपणारे आहे; आज तहकूब केल्यास तेच काम दोन वर्षांनी, प्रकृती अधिक खालावलेली असताना, अधिक दातांसह करावे लागेल.

दुसरा, १६ वर्षांचा बोका, क्रिएटिनिन ४.२, रक्तदाब १८५, दोन महिन्यांत वजन पाव किलो घटलेले, आणि तोंडात तीव्र दाह. याला आज भूल देऊ नये, परंतु ‘कधीच नाही’ असेही म्हणू नये. आधी रक्तदाबाचे औषध, पाण्याची तूट भरून काढणे, वेदनाशमन आणि मऊ अन्न. काही आठवड्यांची मुदत ठरवून पुन्हा सर्व तपासण्या. आकडे सुधारले तर लहान लहान बैठकींत दात काढावेत. येथे घरच्या माणसांना त्याला किती दुखते आहे हे ठाऊक असते आणि डॉक्टरांना त्याचे शरीर किती पेलेल हे. दोघांनी मिळून ठरविलेला निकाल कोणत्याही बाजूचा असला तरी तो मान्य करावा.

तिसरी १८ वर्षांची. चौथा टप्पा, अन्नावरची वासना उडालेली, रक्त कमी झालेले, तोंडात मूत्रपिंडाच्या विकारामुळेच पडलेले व्रण. तिला टेबलावर घेण्याने काही साधणार नाही. वेदनाशामक औषध, कोमट करून पातळ केलेले अन्न, मळमळीवर उपचार, आणि इतके करूनही दुखणे आवरत नसेल तर दयामरणाविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोलणे, हेच तिच्या वाट्याचे उपचार होत. तो विषय काढल्याने आपण तिचा घात करीत आहोत असे कोणी मानू नये.

९. आधी आणि नंतर

आदल्या रात्रीपासून अन्न किती वेळ बंद ठेवावे हे डॉक्टर सांगतील. मूत्रपिंडाच्या रोग्याचे पाणी मात्र स्वतःच्या विचाराने बंद करू नये. मधुमेही मांजराची त्या सकाळची इन्शुलिनची मात्रा आधी विचारून घ्यावी. नंतरच्या वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध तोंडात थेंबांनी देता येते. मेलॉक्सिकॅमच्या वर्गातील औषधे मूत्रपिंडाच्या रोग्याला डॉक्टरांच्या स्पष्ट हुकुमाखेरीज देऊ नयेत. आणि घरात माणसांसाठी ठेवलेली पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला कधीही, अर्धीसुद्धा, देऊ नये, कारण ती पचवून बाहेर टाकण्याची रासायनिक व्यवस्था मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते आणि एक गोळी जिवावर बेतू शकते.

दात नसलेले मांजर जेवणार कसे, ही काळजी मात्र मनातून काढून टाकावी. मांजराच्या दाढा मांस कापण्यासाठी असतात, दळण्यासाठी नव्हेत. टाके भरून आले म्हणजे दंतहीन मांजरे मऊ अन्न तर खातातच, पुष्कळशी कोरडे दाणेही गिळून खातात. पहिले आठ-दहा दिवस अन्न मऊ असावे. शस्त्रक्रियेनंतर पूर्ण एक दिवस उलटूनही तोंड लावले नाही तर वाट न पाहता दवाखान्याशी संपर्क साधावा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून नवाच विकार उद्भवतो. आठवडा-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासून पूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहावे, आणि पुढे दर पंधरवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत नोंदवावे. चार किलोच्या मांजरात दोनशे ग्रॅमची घट म्हणजे शरीराचा विसावा भाग होय, आणि तेवढी घट आढळल्यास पुढील तपासणीची तारीख येण्यापूर्वीच डॉक्टरांना कळवावे.